दोरेसाहेब काय म्हणतात?

माणसाची प्रगती कशी झाली हे सांगणारी पुस्तकं मला फार आवडतात, आणि ती लिहिणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. कुवेंपुनगरातल्या माझ्या घरात अशा पुस्तकांचं एक आख्खं कपाट आहे. कुटुंब कसं तयार झालं, समाजाची घडी कशी बसली, गुहेतला माणूस विमानात कसा जाऊन बसला, सगळं त्यात आहे. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून मी हेच वाचत बसते. शेजारच्या नागरत्नाबाई म्हणतात, ह्या वयात स्तोत्रं म्हणायची सोडून हे काय भलतंच. म्हणू देत.

राग अशासाठी की ह्या जाड जाड पुस्तकांत कुटुंबावर एक प्रकरण हमखास असतं. त्यात आई असते, बाप असतो, आजी-आजोबा असतात, कधीकधी मामाही डोकावून जातो. आत्या मात्र कुठेच नसते. दहा हजार वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या एवढ्या विद्वानांपैकी एकालाही आत्या माहीत नसावी म्हणजे कमाल झाली. मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवते, 'आणि आत्या?' पुस्तक माझं स्वतःचं असतं, त्यामुळे कुणी ओरडत नाही.

आमचं घर आत्याचं होतं. लष्कर मोहल्ल्यातलं ते कौलारू घर कागदोपत्री अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होतं, पण घरात काय शिजायचं, कुणी कुठे जायचं आणि कुणी केव्हा बोलायचं हे सुमित्राआत्या ठरवायची. आमचे कुणी खापरपणजोबा इथल्या कन्नड मुलखाच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. त्यांची तलवार कुणी पाहिली नव्हती, पण मिशा पिढ्यान्‌पिढ्या उतरत अप्पांपर्यंत आल्या होत्या. बाकी शिपाईपण सगळं आत्याकडे गेलं होतं. अप्पांचं नाव मानाजीराव. रेशीम खात्यात कारकून होते, आणि त्या भारदस्त मिशांआडून त्यांनी आत्याला कधी 'नको' असा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही.

त्याला कारण होतं. आत्याचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि एकोणिसाव्या वर्षी ती कुंकू पुसून माहेरी परतली. पाठोपाठ दोन वर्षांत आजी-आजोबा गेले. अप्पा तेव्हा सात वर्षांचे. आत्यानं हप्पळ लाटून, म्हणजे पापड लाटून, त्यांना वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न लावून दिलं. माझी आई कमलाक्षी ह्या घरात आली तीसुद्धा आत्यानं पसंत केली म्हणून. आई म्हणायची, "मला सासू नव्हती असं कोण म्हणतो गे?"

तर अशा आमच्या घरात रविवारी पुस्तक वाचलं जायचं. सकाळी सगळ्यांची तेल लावून न्हाणी झाली की मागच्या पडवीत पाट मांडले जायचे. आत्या आणि आई उडदाच्या पिठाचे गोळे लाटायच्या, मी लाटलेले हप्पळ उचलून उन्हातल्या चटईवर नेऊन टाकायची, आणि अप्पा खांबाला टेकून वाचायचे. हात कामात असले तरी कान रिकामे असतात, ही आत्याची कल्पना. कथा-कादंबऱ्यांना मात्र तिची सक्त मनाई होती. "न झालेली गोष्ट ऐकायला मला वेळ नाही, मान्या," ती म्हणायची. "खरं काय ते वाच."

म्हणून अप्पांनी संतेपेठेतल्या रद्दीच्या दुकानातून खऱ्या गोष्टींचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. विटकरी रंगाचं, उशीएवढं जाड. विस्तव, धान्य, कुटुंब, गाव, रस्ते, कारखाने अशी एकामागून एक प्रकरणं, माणूस कसकसा पुढे गेला ते सांगणारी. त्याची सुरुवातीची पानं फाटलेली होती, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, काहीच कळायला मार्ग नव्हता. इंग्रजीत लिहिलंय म्हणजे गोरा साहेब असणार. कन्नडात गोऱ्या साहेबाला दोरे म्हणतात, म्हणून आत्यानं त्याचं नाव दोरेसाहेब ठेवून टाकलं. पहिला हप्पळ लाटला की ती विचारायची, "हं, आज दोरेसाहेब काय म्हणतात?"

तेव्हा घरात इंग्रजी येणारे एकटे अप्पा. ते पानावर नजर ठेवायचे आणि तोंडातून आमची घरची मराठी बाहेर पडायची, निम्मं कन्नड घातलेली. नुसतं ऐकून घेणाऱ्यातली आत्या नव्हती. दोरेसाहेब समोरच्या पाटावर येऊन बसलेत अशा थाटात ती त्यांच्याशी वाद घालायची.

एकदा अप्पा वाचत होते, माणसानं शेतीचा शोध लावला.

"माणसानं म्हणजे गड्यांनी?" आत्यानं लाटणं थांबवलं. "अल्ला, तसं न्हवं रे मान्या, मागच्या रविवारी गडी सगळे शिकारीला गेलते न्हवं? मग शेती कोण केलं?"

अप्पांनी चष्मा वर सरकवला, पानात पाहिलं. "थांब अक्का, पुढं आहे. दोरेसाहेब म्हणतात, बी पहिल्यांदा बाईनं पेरलं."

"हौदा? असं होय? शाणा आहे," आत्या म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.

ह्या गोष्टीनंतर चाळीस वर्षांनी हेच मी दुसऱ्या एका विद्वानाच्या पुस्तकात वाचलं, आणि एकटीच मोठ्यानं हसले.

आणखी एक रविवार आठवतो. अप्पा कुटुंबाचं प्रकरण वाचत होते. दूर समुद्रात एक बेट आहे, ते म्हणाले. तिथे आईबाप गेल्यावर लहान भावंडांना जी थोरली बहीण वाढवते, तिचं नाव घराच्या नावात सगळ्यांच्या आधी येतं. घर तिचंच मानतात. सणाला पहिलं पान तिला वाढतात, आणि भाऊ कितीही मोठा झाला तरी तिच्या आधी जेवत नाही.

आत्याचे हात थांबले होते. आईनं मान खाली घातली. "कुठलं बेट ते?" आत्यानं विचारलं.

"लांब आहे, अक्का."

"लांबच असणार," आत्या म्हणाली आणि लाटू लागली. त्या दिवशी तिनं दोरेसाहेबांशी अजिबात वाद घातला नाही.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यात मी पी.यू.सी., म्हणजे बी.एस्सी.च्या आधीची परीक्षा, पहिल्या वर्गात पास झाले. सतरा वर्षांची होते, डोक्यात हवा गेली होती आणि मला बी.एस्सी. करायचं होतं. त्याच आठवड्यात बन्नूरहून माझ्यासाठी स्थळ आलं. फत्तेसिंगराव नावाचे मोठे शेतकरी, उसाचे फड, भाताची खाचरं, आणि धाकटा मुलगा वेंकोजीराव जावा मोटरसायकलवरून फिरणारा. माणसं चांगली होती, त्यांना नावं ठेवायला काही जागा नव्हती. त्यांची अट एकच होती, लग्न आषाढाच्या आत आणि कॉलेज पुरे. आत्याला स्थळ एकदम पसंत पडलं. तिसऱ्या रविवारी होकार घ्यायला ते येणार असं ठरलं.

मी आईपाशी रडले. आई म्हणाली, आत्याला सांग. आत्याला सांगायला गेले तर तिनं मला समोर बसवलं आणि जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. "शिकून शिकून वय गेलं की मुलगी भावाच्या घरात म्हातारी होते, जये. ते कसं असतं मला विचार. कुणी काही बोलत नाही, पण घास उचलताना आपल्यालाच कळतंय, हे घर आपलं न्हवं." तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. सतराव्या वर्षी मला तेवढं कुठलं दिसायला. मला वाटलं, ही माझी वैरीण आहे.

मग अप्पांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मला त्यांची भयंकर चीड आली.

पण रविवारी दोरेसाहेब बोलले. कुटुंबाच्या प्रकरणात त्यांना म्हणे एकाएकी मुली आठवल्या. "दोरेसाहेब म्हणतात," अप्पा वाचू लागले, "ज्या समाजानं मुलीला वीस वर्षांपर्यंत शिकू दिलं, तोच समाज पुढं गेला." माझ्या हातातला हप्पळ चटईवर पडण्याऐवजी मातीत पडला.

"त्याला काय जातंय बोलायला," आत्या म्हणाली. "साहेबाच्या देशात चालतंय. इथं बन्नूरचे लोक थांबणार हायत का?"

पुढच्या रविवारी दोरेसाहेबांचं उत्तर तयार होतं. "काही लोक म्हणतील, हे साहेबांच्या देशात चालतं, आमच्याकडे कसं चालेल," अप्पा घाईघाईनं वाचत होते, त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "पण चांगलं स्थळ तीन वर्षांनीही मिळतं. शिकायचं वय एकदा गेलं की परत येत नाही."

"अय्यो!" आत्या चकित झाली. "मी काय बोलणार ते ह्याला आधीच कसं कळलं गे?"

मी मनातल्या मनात दोरेसाहेबांच्या पाया पडले. आई कधी नव्हे ती अप्पांकडे टक लावून बघत होती. त्या आठवड्यात एकदा आत्या म्हणाली, एवढा मोठा माणूस छापून सांगतोय म्हणजे विचार करायला पाहिजे. माझी आशा वाढली.

तिसरा रविवार उजाडला. बन्नूरची मंडळी दुपारी चारच्या बसनं येणार होती. पडवीत आम्ही बसलो तेव्हा आत्यानं लाटणं हातात घेतलंच नाही. "जये, इकडं ये," ती म्हणाली. "तू पहिल्या वर्गात पास झालीस न्हवं? ते वीस वर्षांचं काय लिहिलंय ते तू वाच. मला एकदा नीट ऐकायचं आहे, मग मी त्या लोकांना काय ते सांगते."

अप्पांनी पुस्तक छातीशी धरलं. "कठीण इंग्लिश आहे, अक्का. जयेला नाही जमणार. राहू दे."

इथे माझं डोकं फिरलं. पहिला वर्ग मिळवलेल्या मुलीला हे सगळ्यांच्या देखत म्हणतात, जमणार नाही! मी सरळ जाऊन त्यांच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. त्यांचं बोट ज्या पानावर होतं तेच पान उघडलं आणि घसा साफ करून, वर्गात उभी असल्यासारखी वाचू लागले. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याची मराठी.

"मुलगी लहान वयात परक्या कुळात दिल्यामुळे दोन कुळं जोडली गेली. अशा जोडण्यांतूनच समाज वाढत गेला. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न त्या काळी उद्भवत नव्हता."

मी थांबले. पान उलटलं. मागचं पान पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं.

"आणि ते वीस वर्षांचं?" आत्यानं विचारलं.

आज मला वाटतं, त्या क्षणी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण मी बिनचूक वाचण्याच्या घमेंडीत होते. "तसं कुठेच नाहीये, आत्या," मी म्हणाले. "अप्पा चुकीचं वाचत होते."

म्हटलं आणि मग मला कळलं. आधी कळलं की मी स्वतःच्या हातानं माझं कॉलेज बुडवलं. आणि अप्पांकडे पाहिल्यावर कळलं की त्याहून वाईट काहीतरी करून बसले. ते शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या मुलासारखे खाली बघत होते. एवढा मिशाळ माणूस, पन्नाशीला आलेला.

मग आत्या हळूहळू विचारू लागली.

"मान्या, बी पहिल्यांदा बाईनं पेरलं, ते?"

"नव्हतं त्यात, अक्का."

"चांगलं स्थळ तीन वर्षांनी मिळतंय, ते?"

"नव्हतं."

आत्या थांबली. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. "आणि ते बेट?" तिनं विचारलं. "थोरल्या बहिणीचं घर मानतात, ते?"

अप्पांनी नुसती मान हलवली, नाही अशी.

"बेट नाहीच?"

"नाही, अक्का. ते मीच म्हणत होतो."

आत्या रडताना मी तोवर पाहिली नव्हती. ती आवाज न करता रडली, आणि आई उठून तिच्या पाठीशी जाऊन बसली. मग आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि अप्पांवर अशी काही ओरडली की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. "मग एवढं सगळं तुझ्या पोटात होतं तर तोंडानं सांगायला काय झालं होतं? आठ वर्षं मी परक्या माणसाशी भांडत बसले! त्याचं मी कशाला ऐकू? तू सांगितलं असतंस, मान्या. तुला मी नको म्हटलं असतं काय?"

"तुला सांगायचं माझ्यानं होत नाही, अक्का," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज सात वर्षांच्या पोराचा होता.

दुपारी चारच्या बसनं फत्तेसिंगराव सपत्नीक आले. आत्यानं त्यांना बैठकीत बसवलं, कॉफी दिली, घरचे तळलेले हप्पळ दिले, आणि मग स्वच्छ सांगितलं की मुलगी पुढे शिकणार आहे, थांबता येत असेल तर थांबा, नाहीतर राग मानू नका. फत्तेसिंगराव चांगलेच बुचकळ्यात पडले. बोलणी सुरू झाली तेव्हा सगळ्यात उत्सुक आत्याच होती. "हे एकदम कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ म्हणतोय," आत्या म्हणाली.

दाराआड उभी राहून मी हे ऐकलं. अप्पा तिच्याच शेजारी बसले होते, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून. बन्नूरची मंडळी थांबली नाहीत, आणि त्यांनी राग मानला नाही. मला कॉलेजात जागा मिळाली. मी बी.एस्सी. झाले, मग बी.एड. केलं, आणि लग्नही यथावकाश झालं. आत्याची भीती तेवढी खोटी ठरली. ह्या कपाटातल्या लेखकांना विचारलं तर ते ह्याला प्रगती म्हणतील, आणि मी त्याला नाही म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या पहिल्या रविवारी काय झालं, ते त्यांच्या कुठल्याच प्रकरणात बसत नाही.

त्या रविवारी आमची न्हाणी झाली. पडवीत पाट मांडले, पीठ मळून झालं, आत्यानं पहिला हप्पळ लाटला. अप्पा आलेच नाहीत. ते पुढच्या ओट्यावर कन्नड वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचत बसले होते. आत्यानं दोनदा हाक मारली. मग मी बोलवायला गेले.

"आता तुला येतंय की वाचायला," अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले तरी असते. "घरात इंग्लिश येणारा मी एकटा होतो तेव्हा सोपं होतं, जये. तू वाच. तू बरोबर वाचतेस."

मी परत आले, खांबाला टेकून बसले आणि पुस्तक उघडलं. रस्त्यांचं प्रकरण होतं. एकही शब्द न गाळता, पदरचं काही न घालता मी दोन पानं वाचली. कुठल्या राजानं किती मैल रस्ते बांधले, त्यावरून कोणता माल कुठे गेला. आत्या मध्ये एकदाही बोलली नाही. तिनं वाद घालावा म्हणून मी मुद्दाम थांबून थांबून वाचत होते. तिसऱ्या पानावर तिनं पिठानं भरलेला हात वर केला.

"साकु, पुरे, जये," ती म्हणाली. "हा कोण वेगळाच दोरे आहे. ह्याला आपलं काही माहीत नाही."